बंदूक जमा

माझी बंदूक मिटते. मध्ये एक बिजागरी आहे, तिच्यावर दुमडली की खिशातल्या चाकूसारखी अर्धी होते. मिटलेली लांबी दीड फुटाच्या आसपास, वजन साधारण दोन किलो. पाठीवरच्या सॅकमध्ये थर्मास आणि रेनकोटच्या मध्ये सहज जाते. पहिल्यांदा बघणाऱ्याला ती बंदूक वाटतच नाही, प्लंबरच्या पेटीतलं काहीतरी वाटतं. लाकूड कुठेही नाही. सगळा पत्रा आणि पोलाद, त्यावर काळसर रंग. देखणेपणाच्या नावानं शून्य.

एकावर एक दोन नळ्या आहेत. वरची रायफलची, तिच्यात पॉइंट टू-टूची बारकी गोळी जाते. खालची शॉटगनची, तिच्यात पॉइंट फोर-टेनचं काडतूस, म्हणजे छर्रे. दोन्हींना मिळून घोडा एकच. त्या घोड्यावर एक छोटी गुंडी आहे. वर ओढली की वरची नळी उडते, खाली केली की खालची. चाप म्हणजे बोटानं ओढायचा काटा नाही, चांगली रुंद पट्टी आहे. जाड हातमोजा घालूनही आवळता यावी म्हणून. दस्त्यावर एक झाकण आहे, ते उघडलं की कंपासपेटीसारखे खण: १५ गोळ्या, ४ काडतुसं. एका वेळी प्रत्येक नळीत एकच. उडवा, उघडा, रिकामं काढा, दुसरं घाला. एवढ्या वेळात ससा पुढच्या तालुक्यात पोचतो.

हिला इंग्रजीत सर्व्हायव्हल गन म्हणतात. तगून राहण्यासाठीची बंदूक.

तुमच्यापैकी बहुतेकांनी बंदूक धरली असेल ती एनसीसीत किंवा जत्रेत फुगे फोडताना. माझंही तसंच होतं. मी मूळचा कुडाळ तालुक्यातला, शिकलो पुण्यात, आणि आता कैक वर्षं फेअरबँक्सला आहे. फेअरबँक्स म्हणजे अलास्काच्या मधोमध. एका संशोधन संस्थेत नोकरी करतो. काम असं की जमिनीत खोल भोकं पाडलेली आहेत, त्यांत तापमान मोजणाऱ्या तारा सोडलेल्या आहेत, वर्षातून एकदोनदा तिथं जाऊन आकडे काढून आणायचे आणि उंदरांनी कुरतडलेल्या वायरी बदलायच्या. कायमची गोठलेली जमीन किती वेगानं विरघळतेय ते त्यातून कळतं. बहुतेक भोकांपर्यंत रस्ता नाही. छोटं विमान तळ्यावर उतरतं, आपल्याला सोडतं आणि निघून जातं. विमानाचा आवाज ऐकू येईनासा झाला की जी शांतता पसरते, तिची सवय मला अजून पुरती झालेली नाही.

बंदूक मला विकली ती शेजारच्या एका म्हाताऱ्या पायलटनं. त्यानं आयुष्यभर असल्याच तळ्यांवर माणसं सोडली आणि उचलली. गुडघे गेले तसं उडणं बंद केलं आणि गॅरेज रिकामं करायला काढलं. मी तेव्हा नुकताच ग्रीन कार्डवाला झालो होतो. त्याआधी विद्यार्थी आणि नोकरीच्या व्हिसावर असताना बंदूक बाळगायची तर शिकारीचा परवाना वगैरे काही मोजक्या सवलतींत बसावं लागतं. मी त्या भानगडीत कधी पडलो नव्हतो. ग्रीन कार्ड आल्यावर तो अडसर संपला. आणि अलास्कात दोन रहिवाशांनी आपसात बंदूक विकायची तर ना परवाना, ना नोंदणी. त्यानं पैसे मोजले, मी सॅकमध्ये टाकली, पलीकडच्या दारातून घरी आलो. दुधाची पिशवी आणायलाही यापेक्षा जास्त वेळ लागतो.

आईला मी ‘फील्डचं सामान’ असं सांगितलंय. खोटं नाही ते.

*

ही जात जन्माला आली ती विमानांमुळे. विमान वाळवंटावरून, बर्फावरून, जंगलावरून जायला लागलं तसा प्रश्न आला: पडलं आणि आतला माणूस वाचला, तर पुढे काय?

दुसऱ्या महायुद्धात जर्मन हवाई दलानं याचं फार थाटात उत्तर दिलं. उत्तर आफ्रिकेवरून उडणाऱ्या वैमानिकांसाठी त्यांनी झाउअर या नामवंत कारखान्याकडून तीन नळ्यांच्या बंदुका बनवून घेतल्या. वर १२ बोअरच्या दोन, खाली ९.३ मिलिमीटरची रायफल. उत्तम लाकडाचा दस्ता, उत्तम फिनिश, आणि हे सगळं अॅल्युमिनियमच्या पेटीत. जमीनदाराच्या दिवाणखान्यात शोभेल अशी वस्तू, सहारात पडलेल्या माणसासाठी. आज संग्राहक त्यांच्यावर वेड्यासारखे पैसे उधळतात.

अमेरिकी हवाई दलानं १९५० च्या दशकात नेमकं उलट केलं. शीतयुद्धामुळे त्यांची विमानं उत्तर ध्रुवाकडच्या ओसाड प्रदेशांवरून जात होती. त्यांनी एम-६ नावाची बंदूक काढली: पत्रा ठोकून केलेली, १४ इंचांच्या दोन नळ्या, मिटल्यावर १५ इंच. सीटखालच्या पेटीत मावली पाहिजे, उणे चाळीसमध्ये चालली पाहिजे, आणि ज्यानं जन्मात बंदूक धरलेली नाही त्यालाही उडवता आली पाहिजे. माझ्याकडची तिचीच नागरी आवृत्ती, चेक प्रजासत्ताकात बनलेली आणि एका अमेरिकी कंपनीच्या नावानं विकलेली. नळ्या तेवढ्या लांबवून १८ इंचांच्या वर नेल्या आहेत, कारण १९३४ च्या अमेरिकी कायद्यानुसार त्याहून आखूड शॉटगन वेगळ्या नोंदणीशिवाय ठेवता येत नाही. म्हणजे हिची उंची केंद्र सरकारनं ठरवलेली आहे.

तिसरी गोष्ट रशियन, आणि मला सगळ्यांत आवडते ती. मार्च १९६५ मध्ये अलेक्सेई लिओनोव अवकाशात यानाबाहेर पडणारा पहिला माणूस ठरला. परतताना यंत्रणा बिघडली, आणि तो आणि पावेल बेल्यायेव ठरलेल्या जागेपासून शेकडो किलोमीटर दूर, पर्मच्या बाजूच्या जंगलात बर्फात उतरले. अंतराळात जाऊन आलेली दोन माणसं, भोवती लांडगे-अस्वलांचा मुलूख, आणि जवळ एक पिस्तूल. दोन रात्री काढल्या त्यांनी तिथं. पुढे लिओनोवनं पाठपुरावा केला आणि अंतराळवीरांसाठी तीन नळ्यांचं खास पिस्तूल तयार झालं, टीपी-८२. त्याचा दस्ता काढला की तो कोयता व्हायचा. १९८६ पासून जवळजवळ वीस वर्षं ते सोयुझ यानांतून अवकाशात जाऊन येत होतं. एवढे रॉकेटशास्त्राचे डोंगर चढल्यावर शेवटी माणसाला काय लागतं, तर कोयता. हे आमच्या कोकणातल्या कुणालाही विचारलं असतं तरी सांगितलं असतं.

*

आता खरं सांगायचं तर या बंदुकीनं फारसं काही होत नाही.

अस्वलासाठी ती नाहीच. अस्वलासाठी आमच्याकडे तिखटाचा फवारा असतो, आणि संस्थेची मोठी शॉटगन. बारीक गोळीनं अस्वल मरत नाही, फक्त चिडतं. हरणं, मूस वगैरेंसाठीही ती नाही. ती आहे सशासाठी, आणि ग्राउससारख्या पक्ष्यांसाठी. बसलेला असेल तर वरची नळी, उडाला तर खालची. इथला स्प्रूस ग्राउस इतका भोळा असतो की फांदीवर बसून तुमच्याकडे बघत राहतो. त्याला लोक ‘बावळट कोंबडी’च म्हणतात.

पण सशांचीही एक गंमत आहे. इथल्या सशांची संख्या साधारण दहा वर्षांच्या चक्रात वाढते आणि कोसळते. भरतीच्या वर्षी पायाखाली येतात, ओहोटीच्या वर्षी आठवडाभर चाललात तरी एक दिसत नाही. तुमचं विमान कोणत्या वर्षी पडणार हे तुमच्या हातात नाही. आणि समजा ससे मिळाले, रोज मिळाले, तरी त्यांच्या अंगात चरबी जवळजवळ नसते. नुसत्या सशांवर राहिलं की माणूस पोटभर खातो आणि खंगत जातो. जुलाब, डोकेदुखी, कितीही खाल्लं तरी न शमणारी भूक. व्हिल्यालमुर स्टेफानसन या आर्क्टिकच्या प्रवाशानं त्याबद्दल लिहून ठेवलंय. याला नाव आहे, रॅबिट स्टार्व्हेशन. सश्यांची उपासमार म्हणू या. खाऊन मरणं.

अलास्कात छोट्या विमानात काय ठेवायचं याचा कायदाच आहे. प्रत्येक माणसाला आठवडाभराचा शिधा, कुऱ्हाड, प्रथमोपचाराची पेटी, गळ आणि दोरा, सुरी, आग पेटवायचं साधन, डासांपासून वाचायला डोक्यावरची जाळी, खुणेसाठी धुराचे किंवा उजेडाचे नळे. १५ ऑक्टोबर ते १ एप्रिल या काळात त्यात बर्फावर चालायची पादत्राणं, झोपायची पिशवी आणि लोकरी ब्लँकेट. पूर्वी या यादीत बंदूकही होती. नंतर ती काढली. डासांची जाळी राहिली! ज्यानं इथला जुलै पाहिलाय त्याला यात काहीच नवल वाटणार नाही.

म्हणजे जीव वाचतो तो कशानं, तर ऊब, आग, आणि आपण कुठे आहोत हे दुसऱ्या कुणाला तरी ठाऊक असणं. म्हाताऱ्या पायलटचं एक ठरलेलं वाक्य होतं. तो म्हणायचा, “बंदूक विसरलास तर चालेल. कुठे जातोयस ते सांगायला विसरलास तर मी शोधायला येऊ कुठे?”

मग मी ती घेतली कशाला? आणि नेतो कशाला?

एका सप्टेंबरात आम्ही दोघं एका तळ्याकाठी अडकलो. दुपारी न्यायला येणारं विमान धुक्यामुळे आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. धोका कसलाच नव्हता. शिधा होता, तंबू होता, उपग्रहावरून निरोप जात-येत होते. होतं ते फक्त वाट बघणं. काम संपलेलं, पुस्तक वाचून झालेलं, बोलायचे विषयही संपलेले. वाट बघण्यात एक चोरटा आजार आहे. माणूस आधी वैतागतो, मग गप्प होतो, मग आपण इथून कधीच निघणार नाही असं त्याला अगदी शांतपणे पटायला लागतं. दुसऱ्या दुपारी मी बंदूक उघडली, परवाना खिशात आहे ना बघितलं, आणि तासभर रानात हिंडलो. एक ग्राउस मिळाला. साफ केला, पिशवीच्या तळाशी पुडीत उरलेला गोडा मसाला लावला आणि तेलात परतला. माझा सहकारी मूळचा मिनेसोटाचा, त्याला मसाल्याचा वास आला आणि दोन दिवसांत पहिल्यांदा तो स्वतःहून काहीतरी बोलला.

त्या पक्ष्यात पोट भरण्याइतकं काही नव्हतं. पण तासभर मला काम होतं. मला वाटतं या बंदुकीचा उपयोग तेवढाच आहे आणि तो कमी नाही: निमूट वाट बघणाऱ्या माणसाच्या हाताला ती काहीतरी देते.

हे वाक्य मी तेव्हा वहीत लिहून ठेवलं होतं, बरंच खूश होऊन. पुढच्या हिवाळ्यात ते वेगळ्या अर्थानं समोर आलं.

*

डिसेंबरच्या २१ तारखेला फेअरबँक्सला पावणेचार तासांहूनही थोडा कमी दिवस असतो. अकराच्या सुमाराला सूर्य क्षितिजावरून डोकं काढतो, दुपारी पावणेतीनच्या आत मावळतो, आणि मधल्या वेळात फार वर येत नाही. पहिली काही वर्षं याचं कौतुक असतं, फोटो काढून घरी पाठवतो आपण. माझी ती वर्षं संपली होती. त्या हिवाळ्यात बाबा जाऊन सहा महिने झाले होते, मुलगी चार वर्षांची होती, आणि मला झोप येत नव्हती. नंतर नंतर झोपेशिवाय दुसरं काही येत नव्हतं. काय वाटायचं ते सविस्तर सांगत बसत नाही. ज्यांनी अनुभवलंय त्यांना कळेल, बाकीच्यांना कळू नये हेच बरं. एवढंच सांगतो की तळ्याकाठची ती शांत खात्री, की आपण इथून निघणार नाही, ती आता घरातच राहायला आली होती.

बायको मला डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर बाई तरुण होत्या. झोप, भूक, दारू, सगळं विचारलं, आणि मग त्याच सुरात, रक्तदाब विचारावा तसं विचारलं, “घरात बंदूक आहे?”

मी म्हटलं, आहे. कुलपात असते, काडतुसं वेगळ्या कुलपात. मुलगी लहान आहे ना.

“चांगलं केलंत. किल्ली कुणाकडे असते?”

“माझ्याकडे.”

त्या काहीच बोलल्या नाहीत. मीही नाही. बायकोनं माझ्याकडे बघितलं नाही, समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिली.

मग त्यांनी समजावून सांगितलं. अलास्कात आत्महत्यांचं प्रमाण अमेरिकेतल्या सर्वांत वरच्या राज्यांमधलं आहे, आणि इथं बंदुकीनं जे मृत्यू होतात त्यांत दुसऱ्यानं मारल्यापेक्षा स्वतःच स्वतःला मारल्याचे किती तरी जास्त असतात. हे मला आकडे म्हणून माहीत होतं. जे माहीत नव्हतं ते हे, की तसा क्षण बहुतेकदा फार लांबत नाही. येतो आणि ओसरतो. त्या वेळात हाताशी काय आहे यावर पुष्कळ काही ठरतं. त्या म्हणाल्या, “विकू नका. टाकून देऊ नका. फक्त तुम्हाला बरं वाटेपर्यंत ती दुसऱ्या घरात राहू दे.” आणि एक गोष्ट त्यांनी जाता जाता सांगितली, जी मला अजिबात अपेक्षित नव्हती: सगळ्यांना वाटतं काळोखाचे दिवस सर्वांत वाईट, पण आत्महत्या वाढतात त्या वसंतात. उजेड परत येतो तेव्हा. तेव्हा घाई करू नका.

घरी येऊन मी वाचत बसलो, सवयच आहे ती. इस्रायलच्या लष्करात पूर्वी सैनिक आठवड्याच्या सुट्टीला रायफल घेऊन घरी जायचे. २००६ मध्ये नियम केला की रायफल तळावरच ठेवायची. आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या, आणि घटल्या त्या मुख्यतः सुट्टीच्या दिवसांतल्या. श्रीलंकेनं सर्वांत जहाल कीटकनाशकांवर बंदी घातली, तिथंही आकडा मोठ्या प्रमाणावर खाली आला. ज्यांची शेती आहे त्यांना या दुसऱ्या उदाहरणात काय दडलंय ते वेगळं सांगायला नको. माणसं तीच, दुःखं तीच. मधे थोडं अंतर आलं, एवढंच.

डॉक्टरांनी ९८८ लिहिलेलं एक कार्ड दिलं होतं. अमेरिकेत कुठूनही, कधीही लावता येतो असा हा नंबर. ते आमच्या फ्रीजवर आहे, पिझ्झाच्या कूपनशेजारी. भारतात त्यासाठी टेली-मानसचा १४४१६ आहे.

*

हे सगळं वाचून झाल्यावर डोक्यात आलं ते मात्र कुठल्याही अभ्यासातलं नव्हतं. डोक्यात आले आजोबा.

आमच्याकडे ठासणीची बंदूक होती. भात पोटरीला आलं की रानडुकरं यायची, नारळ-पोफळीत माकडं यायची, आणि त्यासाठी पीक संरक्षणाचा परवाना होता. आमच्या भागात असे परवाने पुष्कळांकडे असत, अजूनही आहेत. तोंडाकडून दारू भरायची, गजानं ठासायची, छर्रे घालायचे, केप बसवायची. एक बार काढून पुन्हा भरेपर्यंत डुकरं जेवण आटोपून गेलेली. त्या मानानं माझी बंदूक म्हणजे मशिनगनच.

पण त्या बंदुकीचा एक भाग मला फार ठळक आठवतो: निवडणूक लागली की ती जमा व्हायची. ग्रामपंचायत असो, विधानसभा असो, लोकसभा असो. पोलीस ठाण्यातून निरोप यायचा आणि आजोबा बंदूक गोणपाटात गुंडाळून, एसटीनं तालुक्याला जाऊन ती देऊन यायचे. येताना पावती आणायचे. ती पावती ट्रंकेत, सातबाऱ्याच्या उताऱ्यांसोबत. तेवढे दिवस डुकरं आली तर पत्र्याचे डबे बडवायचे. आजोबांनी कधी कुणाचं डोकं फोडलं नव्हतं, मतावरून तर नाहीच नाही. तरीही आजोबांना यात अपमान वाटल्याचं मला आठवत नाही. दिवस तापायचे असतात, तेवढ्यापुरती बंदूक घरात नको, असा तो सरळ हिशेब होता. आजी बंदुकीला ‘सवत’ म्हणायची. आजोबा पिशवी घेऊन निघाले की ती अंगणातून म्हणायची, “गेली एकदाची सवत घराबाहेर.” आणि ती ज्या कोपऱ्यात टेकवलेली असायची, तिथं केरसुणी ठेवायची.

मला डॉक्टरांच्या खोलीत जी लाज वाटली होती, ती या आठवणीनं बरीच उतरली. माझ्या घरात आचारसंहिता लागली होती, इतकंच.

दुसऱ्या दिवशी मी बंदूक घेऊन शेजारी गेलो. काडतुसं बायकोनं घेतली, वेगळ्या पिशवीत. उणे पस्तीस होतं, पन्नास पावलांत पापण्यांवर बर्फ धरला. काय बोलायचं ते मी मनात जुळवत होतो. वर्णन, कारण, किती दिवस. पायलटनं दार उघडलं, माझ्या हाताकडे बघितलं, माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि म्हणाला, “ये आत. दार लाव, ऊब जातेय.”

एकही प्रश्न विचारला नाही. आतल्या खोलीत त्याचं लोखंडी कपाट होतं. त्यानं ते उघडलं तेव्हा आत तीन बंदुका आधीच होत्या, प्रत्येकीच्या चापाला दोऱ्यानं कागदाची चिठ्ठी बांधलेली.

“या तुमच्या?” मी विचारलं.

“माझी एकही नाही,” तो म्हणाला. “माझ्या मी पाच वर्षांपूर्वीच विकल्या. कपाट तेवढं ठेवलंय.”

चिठ्ठ्यांवर नावं नव्हती, नुसत्या तारखा होत्या. ऑक्टोबर, नोव्हेंबर, नोव्हेंबर. मी काही विचारलं नाही. वाड्यावस्त्यांवर असं चालतंच, कुणी कुणाचं काय सांभाळतं ते चारचौघांत बोलायचं नसतं. त्यानं माझ्या बंदुकीला चिठ्ठी बांधली. मी पावती मागितली. का मागितली ते मलाही सांगता आलं नसतं, तोंडातून निघून गेलं. तो हसला, आणि डिझेलच्या जुन्या बिलाच्या मागे लिहून दिलं: एक बंदूक मिळाली, मिटणारी. खाली सही.

हिवाळा मग हळूहळू गेला. गोळ्या घेतल्या, सकाळी अर्धा तास प्रखर दिव्यासमोर बसलो, आठवड्याला एकदा एका माणसाशी बोललो. त्यातलं कशानं किती झालं कोण जाणे. फेब्रुवारीत एकदा मुलीला आजोबांचं डबे बडवणं करून दाखवलं, ते तिला इतकं आवडलं की शेजाऱ्यांना महिनाभर सोसावं लागलं.

मार्चच्या शेवटी इथं दिवस रोज जवळजवळ सात मिनिटांनी वाढतो. डोळ्यांदेखत वाढतो, दूध उतू जावं तसा. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मला खरोखर बरं वाटत होतं. भूक लागत होती, वहीत लिहित होतो, जूनमधल्या फील्डची यादी करायला घेतली होती. यादीत बंदुकीचं नाव आलं तसा मी पावती घेऊन शेजारी गेलो.

पायलटनं पावती बघितली, टेबलावर ठेवली आणि कॉफी केली. फील्ड कुठे आहे विचारलं. कुठल्या तळ्यावर उतरणार, पायलट कोण, त्याचा अनुभव किती, सगळं विचारलं. कॉफी अर्धी झाल्यावर त्यानं फोन उचलला आणि माझ्यासमोरच माझ्या बायकोला लावला. तो तिला काय म्हणाला ते मी ऐकलं: “तो इथं बसलाय. चांगला दिसतोय. तू काय म्हणतेस?” ती काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. त्यानं दोनदा ‘हो’ म्हटलं आणि फोन ठेवला.

“अजून तीन आठवडे राहू दे म्हणतेय,” तो म्हणाला.

मी पावती परत खिशात ठेवली. कॉफी चांगली होती, अजून एक कप घेतला.